कमळाबाईचा हिरवा चौकोन

टीव्हीला हार घालायचा हट्ट धर्मराजचाच होता.

तळोज्याच्या शेडात दसऱ्याची पूजा दर वर्षीसारखीच मांडली होती. आदल्या संध्याकाळी मशिनी बंद करून, ग्रीस पुसून लखलखीत केलेल्या. पत्र्यातून वॉशर पाडणाऱ्या चारही प्रेसना झेंडूच्या माळा, फ्लायव्हीलवर कुंकवाचं स्वस्तिक, डायांच्या, म्हणजे साच्यांच्या, रॅकवर आपट्याची पानं. या दिवशी मशीन चालवायची नाही, हा नियम काशीरामने, म्हणजे धर्मराजच्या बापाने घातला होता, आणि मोकलांच्या घरात पाळला गेलेला बहुधा तो एकच नियम. दारू सोडायचा नियम, भावाविरुद्ध कोर्टात न जायचा नियम, हळदीला डीजे न आणायचा नियम, हे सगळे ज्यांनी केले त्यांनीच मोडले. मशिनी मात्र दसऱ्याला झोपायच्या म्हणजे झोपायच्या. मशिनींच्या मेन स्विचला लाल कापड बांधलेलं होतं.

"टीव्ही पन कामालाच हाय ना आपल्याकडं?" धर्मराज सुनेला म्हणाला. "मंग त्याला का नको कुंकू? आनि चालू कर तो. लोक येतील, बघतील."

किशोरी हसू दाबून रिमोट शोधायला लागली. गणपतीच्या दिवसांत हाच माणूस त्या टीव्हीला चहाडखोर म्हणत होता. घरातली चहाडी करायला नणंदा कमी पडल्या म्हणून सुनेनं भिंतीवर एक टांगली, असं त्याने सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं होतं. आता गेला महिनाभर तो शेडात शिरल्याबरोबर आधी त्या टीव्हीकडे बघायचा आणि मग देवाकडे.

टीव्ही घरचाच, हॉलमधला जुना. किशोरी, म्हणजे मोठ्या शैलेशची बायको, कामोठ्याची. लग्नाआधी केमिकल कंपनीत मीटर-गेज सांभाळायची. लग्नानंतर तिची नोकरी सुटली, म्हणजे सोडवली. नको म्हणून कोणी म्हणालं नाही, फक्त रोज सकाळी विचारायचे, आज पण जाणार का. आमच्यात असंच करतात. मग एक दिवस ती गेली नाही, आणि घरातली अक्कल वाया जाते आहे हे कोणाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

तिने केलं ते साधंच होतं. प्रत्येक प्रेसच्या मोटरच्या वायरीला एक क्लिप अडकवली. वायरीतून करंट गेला की क्लिपला कळतं, क्लिपपासून काडेपेटीएवढ्या डबीत, डबीतून वायफायवर, तिथून टीव्हीवर. प्रेस चालू, चौकोन हिरवा. बंद, चौकोन लाल. कुठली मशीन शिफ्टभर किती चालली, संध्याकाळी टक्क्यांत दिसतं. धाकट्या प्रणितच्या हळदीला डीजेने एका रात्रीचे जेवढे घेतले, त्याहून कमी पैशात अख्खं शेड बसलं, आणि आवाज अजिबात नाही.

हे करायची वेळ आली ती शैलेशमुळे. मोठा माल घेणारी एक पार्टी गळाला लागली होती. त्यांना मोठा हायड्रॉलिक प्रेस हवा होता आणि शेडात तो ठेवायला जागा नव्हती. चारांतली एक मशीन कळंबोलीला भंगारात घालावी लागणार, हे ठरलं. कुठली, यावर दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा किशोरीच म्हणाली, माणसांनी कशाला भांडायचं, महिनाभर मशिनींनाच सांगू दे. जी सगळ्यात कमी चालेल ती जाईल. सगळे लगेच हो म्हणाले. जो तो समजून होता की जाणार ती दुसऱ्याची.

खरं तर सगळ्यांना वाटलं होतं, जाणार कमळाबाई. एक नंबरचा प्रेस, पहिला. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा गावातल्या निम्म्या घरांनी भरपाईच्या पैशाच्या गाड्या घेतल्या आणि त्याच गाड्यांत बसून त्या जमिनींवरचे टॉवर बघत फिरले. काशीरामने प्रेस घेतला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. आता तो प्रेस एकट्या धर्मराजच्या हाताखाली. आवाज मोठा आणि काम थोडं, असं प्रणित म्हणायचा, आणि तो नेमका मशीनबद्दलच बोलतो आहे का, हे विचारायला कोणी धजावत नव्हतं.

पण महिना संपला आणि पहिली आली ती कमळाबाई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवीगार. सगळ्यात खाली तीन नंबर, प्रणितची. चारही प्रेसचा माल एकाच पिंपात पडायचा, त्यामुळे कोणाचे तुकडे किती हे कोणी वेगळं मोजलेलं नव्हतं. प्रणित ओरडत राहिला की हे शक्य नाही, पण हरलेल्या माणसाचं कोण ऐकतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता.

किशोरीने टीव्ही चालू केला. धर्मराजने नारळ हातात घेतला. उरणहून आलेली त्याची बहीण कृष्णाबाई, कामगार, त्यांची बायकापोरं, सगळे गोलाकार उभे. पडद्यावर चौकोन एकेक करून उमटायला लागले. चार नंबर लाल. तीन लाल. दोन लाल.

कमळाबाई हिरवी.

आधी प्रणितच्या लक्षात आलं. तो कमळाबाईजवळ गेला, माळ बाजूला करून मोटरवर हात ठेवला, मग लाल कापड बांधलेल्या मेन स्विचकडे बघितलं, मग टीव्हीकडे. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसला.

कृष्णाबाईने तोवर हात जोडले होते. "आय जागी हाय रं," ती भावाला म्हणाली. "सनाच्या दिवशी आली."

"आली असंल तर एखादा वॉशर तरी काढंल, आत्या," प्रणित म्हणाला. "ही नुस्ती लाइट खाती हाय."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. धर्मराज नारळ धरून तसाच उभा राहिला.

शैलेश हसला नाही. त्याने बायकोला केबिनच्या कोपऱ्याशी नेलं आणि दात आवळून विचारलं की हे काय आहे. त्याची केबिन म्हणजे शेडाच्या एका कोपऱ्यात उभारलेली काचेची खोली. फिरती खुर्ची, सोफा, एसी. शैलेशवर हसणं सोपं आहे आणि या घरात ते सगळ्यांनी केलं आहे, पण ती केबिन का झाली तेही सांगायला हवं. एका कंपनीच्या खरेदीवाल्याने त्याला अख्खी दुपार दारात उभं ठेवलं होतं, बस म्हणाला नव्हता. त्या दिवशी त्याने ठरवलं की आपल्याकडे येणारा माणूस गार हवेत बसेल. तेव्हापासून एसी सकाळीच चालू. पार्टी कधी येईल सांगता येत नाही. स्वतः शैलेश दिवसभर कळंबोलीला पत्र्यासाठी नाही तर रस्त्यात फोनवर. केबिनमध्ये बसलेला त्याला फारसा कोणी बघितला नव्हता.

किशोरी म्हणाली, बोर्ड उघडून बघते.

बोर्डाचं झाकण उघडायला या घरातला एकही पुरुष पुढे येत नाही. जमिनीसाठी मोर्चात लाठ्या खाल्लेली माणसं ही, पण बोर्ड उघडायचा म्हटलं की वायरमनला फोन लावतात. किशोरीने झाकण काढलं. चार क्लिपा एका ओळीत असायला हव्या होत्या. तीन होत्या. चौथी, एक नंबरची, वरच्या अंगाला एका जाड राखाडी वायरीला नीट चावून बसली होती. त्या वायरीवरून बोट फिरवत ती वर गेली. वायर केबिनमध्ये शिरत होती.

ती तशीच उभी राहिली, लोकांकडे पाठ करून.

पहिल्या दिवशी क्लिपा बसवताना सासू शेजारी बसली होती. शांती रोज दुपारी डबा घेऊन शेडात यायची आणि भांडी घासून घेऊन जायची. तिने क्लिप हातात घेऊन विचारलं होतं, हा काय ग, केसाला लावायचा क्लचर? किशोरीने हसत हसत तिला दाखवलं होतं, असा दाबायचा, असा उघडतो, वायर आत घ्यायची नि सोडायचं. शांतीने दोनदा करून बघितलं होतं. घरात हे दोघींनाच येत होतं.

किशोरीने मान वळवली. सासू पूजेच्या ताटातली हळद उगाचच सारखी करत होती.

"माझीच चूक," किशोरी मोठ्याने म्हणाली. "क्लिप दुसऱ्या वायरीला लागली माझ्याकडून."

"कुठल्या वायरीला, वहिनी?" प्रणितने अगदी गोड आवाजात विचारलं.

"केबिनच्या एसीच्या."

यावर मात्र शेडभर हसू फुटलं. कामगारही हसले, आणि त्यांच्या बायका पदर तोंडाशी धरून. महिनाभर धर्मराजचा म्हणून जो हिरवा चौकोन मिरवला, तो एसीचा होता. शैलेशच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. माणूस असा कोंडीत सापडला की सगळ्यात जवळच्या माणसाला मारतो. त्याने सगळ्यांदेखत बायकोला सांगितलं की हा पसारा आजच्या आज काढून टाक, पोरखेळ झाला तेवढा पुरे. आणि उद्याचा ट्रक परत जाणार नाही. तीन नंबर राहील, कमळाबाई जाईल.

किशोरीने पुन्हा पाठ फिरवली आणि बोर्डाचं झाकण लावायला घेतलं. इतकी वर्षं घरात गप्प बसली आणि एकदा तोंड उघडून काही केलं, त्याची ही किंमत. स्क्रू बसता बसत नव्हता.

"तिला बोलू नको," शांती म्हणाली. "तिनं नाय लावला. मी लावला."

हातातली हळद पदराला पुसत ती पुढे आली. शांती कधी मोठ्याने बोलत नाही. आजही बोलली नाही, म्हणून सगळ्यांना ऐकायला जवळ सरकावं लागलं.

शैलेशने विचारलं, का.

"का म्हंजे? तुमी दोघांनी मनात धरूनच ठेवलं हुतं, ही मशीन जानार. ती गेली की हा मानूस शेडात येऊन करनार काय? घरी बसनार. सकाळपासून भाजी का चिरली अशीच, नि गॅस का मोठा. मी चार दिस काढीन." ती थांबली. "नि तुमचा मोठा काका. शेत गेल्यावर दारात खुर्ची टाकून बसला. बसला तो उठलाच नाय. तुमी ल्हान हुतात. मी बघितलंय."

त्या काकाची गोष्ट घरात कोणी काढत नाही. पांढरी प्लास्टिकची खुर्ची, समोर पूर्वीच्या शेतावर फिरणारे डंपर, आणि हातात ग्लास. कृष्णाबाईने डोळ्याला पदर लावला.

"पन एसीच का, आई?" प्रणितला राहवेना.

"मंग आनि कशाला लावू? पंखे बंद करतात पोरं. त्या एसीचं पानी मागं बादलीत पडतं, मी त्याच्यावर भांडी घासते. बादली कवा रिकामी दिसली नाय मला. म्हटलं, दिसभर राबनारं शेडात हे एकच हाय."

पुन्हा हसू आलं, पण आता ते कोणावर हसताहेत हे स्पष्ट होतं. शैलेश जमिनीकडे बघत होता.

या सगळ्यात धर्मराजकडे कोणी बघितलं नव्हतं. नारळ अजून त्याच्या हातातच होता. तो टीव्हीकडे बघत होता. त्याला माहीत होतं, कसं माहीत नसेल, की आपण दिवसभर प्रेस मारत नाही. सकाळी थोडं काम निघतं, जेवणानंतर पाठ धरते. बाकीचा वेळ तो तिला पुसायचा, तेल घालायचा, बेल्ट चाचपायचा, शेजारी स्टूल टाकून बसायचा. तरी चौकोन हिरवा. पहिले दोन दिवस त्याला नवल वाटलं होतं. मग त्याने आपल्या मनाशी त्याचा अर्थ लावला होता, कोणाला न विचारता, आणि तो अर्थ गावात चार लोकांना सांगितलाही होता.

"मना वाटलं," तो सुनेला म्हणाला, "पुसनं, तेल घालनं, ते पन धरतात त्याच्यात."

एक कामगार खाकरला. काचेमागे एसी घरघरत होता.

किशोरीच्या हातातून स्क्रू खाली पडला. तिने तो उचलला नाही. तिला सासऱ्याचं वाईट वाटलं आणि त्याच झटक्यात राग आला. सासूचा नाही. ज्यांनी आत्ता हसून घेतलं आणि ज्याने तिला पोरखेळ म्हटलं, त्यांचा.

"टीव्ही खोटं बोललेला नाही," ती म्हणाली. "नाव चुकलं, आकडा खरा आहे. नुसत्या करंटवर विसंबले ही माझी चूक, पेडलचे ठोके मोजणारी क्लिप मी आधीच बसवायला हवी होती. पण महिनाभर या शेडात सगळ्यात जास्त काय चाललं, ते त्याने बरोबर सांगितलं. केबिन चालली. आणि केबिनमधून माल किती निघाला, ते मोजायला मला क्लिप लागत नाही."

शैलेशने मान वर केली. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्या लग्नातलं हे पहिलं भांडण नव्हतं, पण त्याने खाली बघितलं असं पहिलंच.

प्रणितने खिशातून टेप काढला. कमळाबाईचा सगळ्यात मोठा वैरी तोच होता, पण त्याची मशीन वाचली होती आणि वहिनी त्याला आज भलतीच आवडायला लागली होती. तो केबिनच्या काचेला टेप लावून मोजायला लागला, तोंडाने शीळ घालत. मग हायड्रॉलिक प्रेसचं माप फोनवर काढलं, परत मोजलं.

"केबिन काढली की बसतो," तो म्हणाला. "वर आत्याला झोपायला पन जागा उरते."

"आनि पार्टी आली तर?" शैलेश म्हणाला. इतका वेळ तो पनवेलच्या शाळेतलं मराठी बोलत होता, आता गावचं बोलायला लागला. "बसवायची कुठं? इथं, या ग्रीसमधी?"

याचं उत्तर धर्मराजने दिलं. त्याने आधी नारळ फोडला, इतका वेळ थांबलेला, एका दणक्यात. पाणी कमळाबाईच्या पायाशी शिंपडलं. मग उरलेली वाटी टीव्हीपुढे ठेवली.

"माझ्या बाजूला बसव," तो मुलाला म्हणाला. "मशीन दाखवतो, चा पाजतो. दारात उभा नाय ठेवनार कोनाला."

त्या दुपारची गोष्ट शैलेशने बापाला कधी सांगितली नव्हती. बापाला ती माहीत होती हे त्याला आत्ता कळलं. तो काचेचं दार ढकलून आत गेला, आणि एसीचं बटण बंद करून बाहेर आला. टीव्हीवरचा कमळाबाईचा चौकोन लाल झाला. किशोरीने वाकून स्क्रू शोधला. क्लिप काढली आणि जिथे असायला हवी होती तिथे लावली. लावताना सासूला हाक मारली, या, बघून घ्या, परत हलवायची असेल तर मला विचारून हलवा.

"आता कशाला हलवू," शांती म्हणाली. "माझी बादली तर गेलीच."

दुसऱ्या दिवशी धर्मराज शेडात जायला निघाला नाही.

दोन्ही मुलं सकाळीच निघून गेली. कळंबोलीचा ट्रक लवकर येणार होता, प्रेस न्यायला नाही, काच आणि अॅल्युमिनियम न्यायला. शांतीने नेहमीसारखा डबा भरला, शर्ट खुंटीवरून काढून ठेवला. धर्मराज बनियनवर ओट्यावर बसून होता. अंगणातली खुर्ची त्याने कधी वर ओढून घेतली होती, तिने बघितलं नव्हतं. पांढरी, प्लास्टिकची.

तिने शर्ट त्याच्या मांडीवर टाकला.

"नाय जात," तो म्हणाला. "मी जाऊन काय करू? माझ्या नावावर एसी राबतोय तिकडं."

ती डब्याच्या कड्या लावत होती. शेवटची कडी बसत नाही, रोज बसत नाही. तिने तळहाताने ठोकून बसवली. मगाशी शैलेशचा फोन येऊन गेला होता, ते तिने अजून सांगितलं नव्हतं.

"एसी काढला शैल्यानं," ती म्हणाली. "आता तुमालाच जायला पायजे."

धर्मराजने शर्टात एक हात घातला, दुसरा घालताना उठला.

शांतीने खुर्ची उचलून आत नेली.